सीईटीचा ऑनलाइन पेपर: घड्याळ, बटणं आणि ठाण्याहून केंद्रापर्यंतचा रस्ता

एमएचटी-सीईटीत, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या प्रवेशांसाठी होणाऱ्या राज्याच्या परीक्षेत, पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मुलांना १५० प्रश्न असतात, हे सगळ्यांना पाठ असतं. ते १५० प्रश्न एकदम समोर येत नाहीत, दोन भागांत येतात, आणि पहिला भाग नव्वद मिनिटांनी आपोआप बंद झाला की पुन्हा उघडत नाही, हे मात्र हाताला सरावाचं झालेलं नसतं. मग येत असलेले प्रश्नही राहून जातात.

अभ्यासक्रम तुमच्या कॉलेजात आणि क्लासमध्ये होतच असेल. परीक्षेची पद्धत हा त्याव्यतिरिक्त एक स्वतंत्र विषय धरा आणि त्याला शेवटचे निदान सहा आठवडे द्या, असं आमचं ठाम मत आहे. २०१९पासून ही परीक्षा संगणकावर होते. ओएमआर शीटवर गोळे रंगवण्याच्या काळातल्या सवयी, आणि त्या काळातल्या दादा-ताईंचे सल्ले, इथे अर्धेच लागू पडतात.

पेपर नेमका कसा असतो

पीसीएम ग्रुपला पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न. प्रत्येकी १ गुण. पुढच्या ९० मिनिटांत मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. एकूण २०० गुण. पीसीबीला पहिला भाग तसाच, दुसऱ्या भागात बायोलॉजीचे १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन आणि अकरावीच्या ठरावीक धड्यांना २० टक्के. म्हणजे पन्नास प्रश्नांत साधारण दहा अकरावीचे. अकरावीचं पूर्ण पुस्तक नसतं. कुठले धडे आहेत त्याची यादी सीईटी सेल, म्हणजे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, आपल्या संकेतस्थळावर देतो. ती यादी छापून टेबलासमोर चिकटवा. मॅथ्समध्ये सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, फिजिक्समध्ये ग्रॅव्हिटेशन, साउंड, ऑप्टिक्स हे त्यात येणारे धडे. बारावीच्या धबडग्यात नेमके हेच मागे पडतात.

आता याचा हिशोब करा. पहिल्या भागात ५४०० सेकंद आणि १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्समध्ये त्याच ५४०० सेकंदांत ५० प्रश्न, म्हणजे १०८ सेकंद. फिजिक्सच्या एका गणिताला तुम्ही तीन मिनिटं दिलीत तर दुसऱ्या दोन प्रश्नांचा वेळ खाल्लात, आणि बदल्यात मिळाला एकच गुण. घरी वही घेऊन बसल्यावर हे जाणवत नाही, कारण तिथे प्रश्न सुटल्याचं समाधान असतं.

पहिल्या भागात फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही विभाग उघडे असतात, हवं तेव्हा इकडून तिकडे जाता येतं. आमचा सल्ला, केमिस्ट्री आधी उरका. सरळ आठवणीचा प्रश्न वाचून उत्तर द्यायला वीस-पंचवीस सेकंद लागतात, तिथे वाचलेला वेळ फिजिक्सला लागतो. केमिस्ट्रीला ३५ मिनिटं, फिजिक्सला ४५, आणि शेवटची १० राहिलेल्यांसाठी. उलट क्रम लावणाऱ्यांचं काय होतं तेही ठरलेलं आहे. फिजिक्सच्या पंधराव्या प्रश्नाशी झुंज चालू राहते आणि केमिस्ट्रीचे तोंडपाठ असलेले वीस प्रश्न न बघताच पडदा बदलतो. तुमचं फिजिक्स खरोखर पक्कं असेल तर क्रम बदला, पण तो निर्णय सराव चाचण्यांचे आकडे बघून घ्या, परीक्षेच्या खोलीत बसून नको.

एक गैरसमज अजून आहे. पहिला भाग ७५ मिनिटांत संपला म्हणून उरलेली १५ मिनिटं मॅथ्सला मिळत नाहीत. मॅथ्स आपल्या वेळेलाच उघडतं. तेव्हा पहिला भाग लवकर उरकण्याची घाई करू नका, ती पंधरा मिनिटं तिथेच पिळून घ्या.

रिकामा प्रश्न म्हणजे फेकून दिलेले गुण

गुण कापत नाहीत म्हटल्यावर एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही, हे सगळे जण मान्य करतात आणि तरी रिकामे ठेवून येतात, कारण वेळ संपतो. समजा मॅथ्सचे १२ प्रश्न राहिले. डोळे मिटून चारातला एक पर्याय निवडला तरी सरासरीने ३ बरोबर येतात, म्हणजे ६ गुण. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय विचार करून बाद करता आले तर सरासरीने ६ बरोबर, म्हणजे १२ गुण. त्यासाठी लागणारा वेळ चार-पाच मिनिटांचा. ती पाच मिनिटं आधीच बाजूला काढून ठेवायची. घड्याळात पाच मिनिटं उरली की हातातलं गणित कितीही जवळ आलेलं असो, सोडायचं आणि उत्तर न दिलेले सगळे प्रश्न भरायचे.

पर्याय बाद करणं हे कौशल्य सरावाने येतं. एक उदाहरण घ्या. ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा किती इलेक्ट्रॉन-व्होल्ट? पर्याय १.२४, २.४८, ३.९६, ४.९६. प्लँकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग, मग ज्यूलचं इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये रूपांतर, असा लांबचा रस्ता धरला तर कॅल्क्युलेटरशिवाय दीड मिनिट जातं. प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांच्या गुणाकाराची किंमत इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि नॅनोमीटर या एककांत साधारण १२४० असते एवढं लक्षात असेल तर १२४० भागिले ५००. अडीचच्या जरासं खाली. दुसरा पर्याय. पुढचा भागाकार करायचीसुद्धा गरज नाही, कारण बाकीचे तीन पर्याय अडीचच्या आसपासही नाहीत. सीईटीच्या बऱ्याच गणितांत असं होतं. आकडेमोड सुरू करण्याआधी चारही पर्याय वाचा. ते एकमेकांपासून लांब असतील तर अंदाज पुरतो, जवळजवळ असतील तरच पूर्ण आकडेमोड करा. मॅथ्समध्ये इंटिग्रेशनचा प्रश्न अडला तर पर्यायांचं डिफरन्सिएशन करून बघा, उलटा रस्ता पुष्कळदा जवळचा असतो.

कॅल्क्युलेटर मिळत नाही. त्यामुळे आतापासूनच मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरला हात लावू नका. वर्गमुळं २ ते १० पर्यंत, १ ते ३० चे वर्ग, पाय आणि त्याचा वर्ग साधारण किती, लॉगच्या चार-पाच किमती, एवढं तोंडावर हवं.

पडद्यावर काय दिसतं आणि हात कुठे चुकतो

डावीकडे प्रश्न आणि चार पर्याय, वर उलटं धावणारं घड्याळ, उजवीकडे प्रश्नक्रमांकांची चौकट. त्या चौकटीतले रंग अर्थ सांगतात. न उघडलेला प्रश्न पांढरा किंवा राखाडी. उघडला पण उत्तर दिलं नाही तर लाल. उत्तर देऊन जतन केलं तर हिरवा. नंतर बघायला ठेवला तर जांभळा, आणि उत्तर देऊनही नंतर बघायला ठेवला तर जांभळ्यावर हिरवी खूण.

खाली तीन बटणं महत्त्वाची. 'सेव्ह अँड नेक्स्ट', 'मार्क फॉर रिव्ह्यू अँड नेक्स्ट' आणि 'क्लिअर रिस्पॉन्स'. पहिल्याने उत्तर जतन होतं, तिसऱ्याने पुसलं जातं. आता चूक कुठे होते ती बारकाईने बघा. ३७ व्या प्रश्नाला तिसरा पर्याय निवडला, त्यासमोरचा गोल भरलेला दिसला. मन म्हणालं झालं. मग ५२ वा प्रश्न आठवला म्हणून सरळ उजवीकडच्या चौकटीतल्या ५२ वर क्लिक केलं. ३७ चं उत्तर जतन झालेलंच नाही. चौकटीत ३७ लालच राहिला, पण नजर ५२ वर आहे. असे चार-पाच प्रश्न गेले की विद्यार्थी घरी येऊन सांगतो, नव्वद सोडवले, आणि लॉगिनमध्ये पंच्याऐंशीच दिसतात. उपाय एकच, पर्याय निवडला की 'सेव्ह अँड नेक्स्ट', मग कुठेही जा. हा हात बसायला आठवडा लागतो, पण एकदा बसला की सुटत नाही.

उत्तर देऊन रिव्ह्यूला ठेवलेला प्रश्न तपासणीत धरला जातो. परीक्षेच्या दिवशी सूचनांच्या पानावर तशी ओळ असते, ती वाचून खात्री करा. पण नुसता जांभळा, म्हणजे उत्तर न देता ठेवलेला प्रश्न रिकामाच धरतात. म्हणून आमचं म्हणणं असं की नंतर बघायचं असलं तरी मनात आलेला सगळ्यात बरा पर्याय निवडूनच रिव्ह्यूला टाका. परत यायला वेळ मिळाला नाही तरी काहीतरी जमा असेल. आणि रिव्ह्यूची संख्या आवरा. एका भागात पंधराच्या वर जांभळे झाले तर त्यातले कुठले खरोखर सुटण्यासारखे होते हेच शेवटी कळत नाही.

भाषेचा प्रश्न

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी इंग्रजी, मराठी आणि उर्दूत असतं. मॅथ्स फक्त इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांनी हे फॉर्म भरतानाच लक्षात घ्यावं. सेमी-इंग्रजीवाल्यांना हे शब्द ओळखीचे असतात, पूर्ण मराठी माध्यमवाल्यांना अकरावी-बारावी इंग्रजीत करूनही काही शब्द अडतात. त्यासाठी एक पानाची यादी पुरते: लोकस म्हणजे बिंदुपथ, कोलिनिअर म्हणजे एकरेषीय, पर्पेंडिक्युलर म्हणजे लंब, बायसेक्टर म्हणजे दुभाजक, टँजंट म्हणजे स्पर्शिका, स्लोप म्हणजे चढ, कोएफिशंट म्हणजे सहगुणक. यापेक्षा घातक असतात ते साधे शब्द. 'अ‍ॅट लीस्ट' म्हणजे किमान आणि 'अ‍ॅट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, यांची अदलाबदल झाली की प्रॉबेबिलिटीचं उत्तर हमखास चुकतं, आणि चुकलेलं उत्तरही पर्यायांत दिलेलं असतं. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे. 'नॉट' आणि 'इनकरेक्ट' हे शब्द वाचताना कर्सर त्यांच्यावर नेऊन थांबवा, म्हणजे नजर घसरत नाही.

केमिस्ट्रीसाठी मराठी निवडायचं की इंग्रजी, याचं उत्तर सोपं आहे: ज्या भाषेतल्या पुस्तकातून बारावी केली ती भाषा. बोलताना मराठी सोपं वाटतं म्हणून मराठी निवडलं आणि पडद्यावर 'क्षपण', 'संयुजा' असे शब्द आले की वाचण्यातच वेळ जातो.

सराव कशावर आणि कधी

मोबाइलवर सराव चाचण्या देणं हे नसल्यापेक्षा बरं, पण सीईटीसाठी अपुरं. मोबाइलवर अंगठ्याने सरकवायची सवय लागते, प्रश्नांची चौकट दिसत नाही, आणि आकृती बोटांनी मोठी करता येते. परीक्षेत माउस असतो, मान वर करून मॉनिटर बघायचा असतो, कच्चं काम खाली टेबलावरच्या कागदावर करायचं असतं. पडदा ते कागद, कागद ते पडदा अशी नजर तीन तासांत शेकडो वेळा फिरते. याचीच सवय हवी.

घरी संगणक नसेल तर ज्युनिअर कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत दुपारचे तीन तास मागून घ्या, चार-पाच जणांनी मिळून प्राध्यापकांना विनंती केली तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. घरातल्या कुणाचा ऑफिसचा लॅपटॉप असेल तर रविवारी तो घ्या, मात्र त्याला वायरवाला साधा माउस जोडा. टचपॅडवरचा सराव उपयोगाचा नाही. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सराव चाचणी असते, निदान एकदा ती द्यावीच, कारण बटणांची मांडणी तिथे प्रत्यक्षासारखी असते.

सहा आठवड्यांत आठ ते दहा पूर्ण चाचण्या पुरतात. पूर्ण म्हणजे १८० मिनिटं सलग, मध्ये पाणी प्यायलाही न उठता. त्यातल्या पहिल्या दोन फक्त रचना समजण्यासाठी, त्यांचे गुण मनावर घेऊ नका. अ‍ॅडमिट कार्ड आलं की सत्र कळतं. सकाळचं सत्र साधारण ९ ते १२ आणि दुपारचं २ ते ५ असतं. सत्र दुपारचं असेल तर शेवटच्या तीन चाचण्या दुपारी दोनलाच द्या, साडेअकराला हलकं जेवून. एप्रिलच्या उकाड्यात भरपेट वरण-भात जेवून अडीच वाजता फिजिक्सच्या आकड्यांवर डोळा लागतो, तो त्या दिवशी लागू नये.

प्रत्येक चाचणीनंतर चुका तीन रकान्यांत लिहा. येत नव्हतं, येत होतं पण घाई झाली, आणि जतन केलं नाही किंवा वाचण्यात चूक झाली. पहिल्या रकान्यासाठी पुस्तक आहे. तिसरा रकाना चौथ्या चाचणीपर्यंत शून्यावर आला पाहिजे, आणि तो केवळ लक्ष देऊन येतो. त्यासाठी एक पानही जास्त वाचावं लागत नाही.

कच्च्या कामाची पण शिस्त लावून घ्या. केंद्रात कोरे कागद मिळतात आणि ते परत द्यावे लागतात. कागद मिळाल्यावर उभ्या दोन घड्या घालून चार पट्टे पाडा. प्रत्येक गणिताआधी प्रश्नक्रमांक लिहा आणि गोल करा. परत येऊन बघताना आधी केलेलं काम सापडतं, तेच गणित पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.

पर्सेंटाइलचं गणित

परीक्षा बऱ्याच दिवसांत आणि सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. म्हणून मिळालेल्या गुणांवरून नाही, तर पर्सेंटाइलवरून यादी लागते. तुमच्या सत्रात २०,००० जण बसले आणि त्यातल्या १९,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी असतील, तर तुमचं पर्सेंटाइल ९५. कळव्याच्या मैत्रिणीला १२५ गुणांवर जास्त आणि तुम्हाला १३० वर कमी, असं होऊ शकतं, कारण तिचं सत्र कठीण होतं.

यातून निघणारी एक गोष्ट परीक्षेच्या खोलीत फार उपयोगी आहे. पेपर अवघड वाटला तर तो शेजारच्या संगणकावर बसलेल्यालाही अवघड गेला आहे. अवघड सत्रात दहा प्रश्न जास्त सोडवणारा खूप वर जातो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत मॅथ्स अडलं तर खचून बटणं दाबत बसू नका, सुटणारे प्रश्न शोधत पन्नासाव्यापर्यंत एक फेरी पूर्ण करा. मॅथ्ससाठी तीन फेऱ्या बऱ्या: पहिल्या ४५ मिनिटांत बघताक्षणी रस्ता दिसतो ते, पुढची ३५ मिनिटं लांबणारे पण येणारे, शेवटची दहा उरलेले भरण्यासाठी.

फॉर्म, नाव आणि ओळखपत्र

फॉर्म बरेच जण स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत भरतात. भरू द्या, पण शेवटचं बटण दाबण्याआधी स्वतः प्रत्येक ओळ वाचा, आणि मोबाइल नंबर व ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल दिला तर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात. लॉगिनचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. ग्रुप नीट तपासा. पीसीएम आणि पीसीबी दोन्ही द्यायचे असतील तर दोन्हींची निवड दिसली पाहिजे.

नावाची अडचण महाराष्ट्रात नेहमीची आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर पुष्कळदा नाव आधी, आणि कधी वडिलांचं नाव गाळलेलं. क्रमातला फरक सहसा चालून जातो, स्पेलिंगमधला फरक त्रास देतो. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा हे जानेवारीतच बघून टाका. परीक्षेला मूळ ओळखपत्र लागतं. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून आत सोडत नाहीत.

दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर त्याची नोंद फॉर्ममध्येच करावी लागते आणि प्रमाणपत्र जोडावं लागतं. आयत्या वेळी केंद्रावर मागून मिळत नाही.

केंद्रापर्यंत पोहोचणं

ठाण्याच्या विद्यार्थ्याला नवी मुंबईतलं आणि नवी मुंबईच्या विद्यार्थ्याला ठाण्याकडचं केंद्र येणं यात नवल नाही. अ‍ॅडमिट कार्डावरचा पत्ता नकाशावर टाका आणि मग एकदा प्रत्यक्ष जाऊन या, शक्यतो परीक्षेच्या वारी आणि त्याच वेळी. ऐरोली, महापे, तुर्भे या पट्ट्यात एमआयडीसीचे प्लॉट असतात. 'सेक्टर अमुक' असा पत्ता नसतो, प्लॉट क्रमांक असतो आणि रिक्षावाल्यालाही विचारत जावं लागतं.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल सोयीची. कल्याण, डोंबिवली, बदलापूरहून येणाऱ्यांनी ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटांकडे जायचं आणि पुलावरच्या गर्दीला दहा मिनिटं धरायची. गाडीत बसण्याआधी ती वाशीची आहे की पनवेलची ते बघा. तुर्भ्यापर्यंत दोन्ही चालतात. पुढे वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, पनवेलची जुईनगर-नेरूळकडे जाते. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं दोन्हींना लागतात. महाप्याला घणसोली किंवा कोपरखैरण्याला उतरून रिक्षा किंवा एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई पालिकेची, बस. उरणकडून येणाऱ्यांना नेरूळपर्यंत लोकल आहे, पण गाड्यांत अंतर जास्त असतं. एक चुकली तर पुढचीची वाट बघणं परवडणार नाही, म्हणून वेळापत्रकातली दोन गाड्या आधीची धरा.

परीक्षा रविवारीही असते, २०२५मध्ये २७ एप्रिलला रविवारच होता. रविवार म्हटलं की मेगाब्लॉक. मध्य रेल्वे ब्लॉकची माहिती आधीच्या एक-दोन दिवसांत जाहीर करते, शनिवारी संध्याकाळी ती बघितल्याशिवाय झोपू नका. ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असेल तर रस्त्याने कसं जायचं हे आधीच ठरलेलं असू द्या. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी नकाशात दिसणाऱ्या वेळेत सरळ अर्धा तास मिळवावा. कासारवडवली ते ठाणे स्टेशन हा टप्पाच कधी कधी पुढच्या सगळ्या प्रवासाहून लांब होतो. कल्याणकडून शिळफाट्यामार्गे महाप्याला रस्त्याने यायचं असेल तर अवजड वाहनांची गर्दी गृहीत धरा.

गेट बंद होण्याची वेळ अ‍ॅडमिट कार्डावर छापलेली असते. ती परीक्षेच्या वेळेच्या आधीची असते, आणि ती उलटल्यावर कुणाच्या विनंतीने गेट उघडत नाही. हिशोब गेटच्या वेळेवरून मागे करा, पेपरच्या वेळेवरून नाही. रिपोर्टिंगच्या वेळेला तिथे असणं हेच बरं. पालकांसाठी एक गोष्ट: बहुतेक केंद्रांबाहेर सावली नसते आणि आत बॅग ठेवायची सोय असेलच असं नाही. विद्यार्थ्याबरोबर आत जाणाऱ्या वस्तू वेगळ्या पिशवीत काढून द्या, बाकी सगळं तुमच्याकडे.

आत न्यायचं ते एवढंच: अ‍ॅडमिट कार्डाची छापील प्रत, मूळ ओळखपत्र, साधं बॉलपेन. अ‍ॅडमिट कार्डावर याखेरीज काही मागितलं असेल तर ते. कुठलंही घड्याळ नको, वेळ पडद्यावर दिसते. कानातले, कडं, धातूचं बक्कल असलेला पट्टा घरी ठेवलात तर तपासणीत पाच मिनिटं वाचतात.

खुर्चीत बसल्यावर

नेमून दिलेल्या संगणकावर बसा, पडद्यावर स्वतःचं नाव आणि फोटो आहे का बघा. नसेल तर लगेच हात वर करा. माउस चारही बाजूंनी फिरवून, एक-दोनदा क्लिक करून पाहा. अडखळत असेल तर पेपर सुरू होण्याआधी बदलून मागा, नंतर मागण्यात तुमचा वेळ जातो. सूचनांचं पान उघडलं की वाचा, रंगांचा अर्थ आणि भागांची वेळ पुन्हा एकदा नजरेखालून घाला. पेपर चालू असताना कीबोर्डला हात लावू नका. त्याची गरज नसते, आणि काही कळा दाबल्या गेल्या तर पडदा अडकतो.

संगणक बंद पडला किंवा वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. जतन केलेली उत्तरं सर्व्हरवर असतात. दुसऱ्या संगणकावर लॉगिन करून दिलं की पेपर जिथे थांबला तिथून आणि तेवढ्याच उरलेल्या वेळेने सुरू होतो. म्हणूनच प्रत्येक उत्तर जतन करण्याचा एवढा आग्रह. पडदा थांबला त्या क्षणी घड्याळात किती मिनिटं उरली होती ती कच्च्या कागदावर लिहा, आणि पुन्हा सुरू झाल्यावर ताडून पाहा. फरक असेल तर तिथल्या तिथे पर्यवेक्षकांना सांगा, घरी आल्यावर सांगून उपयोग नसतो.

प्रश्नच चुकीचा वाटला, चारही पर्याय जुळत नाहीत असं दिसलं, तर त्याच्याशी भांडत बसू नका. जवळचा पर्याय निवडून पुढे जा. असं खरंच घडतं. २०२५च्या २७ एप्रिलला सकाळच्या सत्रात मॅथ्सच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि त्या सत्राच्या विद्यार्थ्यांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. चूक दाखवायची जागा नंतर मिळते. परीक्षा आटोपल्यावर लॉगिनमध्ये प्रश्न, तुम्ही दिलेली उत्तरं आणि उत्तरतालिका दिसते. आक्षेप तिथूनच ऑनलाइन नोंदवायचा, प्रत्येक प्रश्नाला वेगळं शुल्क भरून, आणि मुदत मोजक्या दिवसांची. आक्षेपासोबत राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकातल्या पानाचा फोटो जोडा, त्यावर संबंधित ओळ अधोरेखित करून. नुसतं 'उत्तर चुकीचं आहे' लिहिलेला आक्षेप टिकत नाही. म्हणून परीक्षेहून घरी आल्यावर जेवण झालं की खटकलेले प्रश्न आठवतील तेवढे वहीत उतरवून ठेवा. तालिका हाती येईपर्यंत ते डोक्यातून निघून जातात.